भिंतीला टेकू नका

आमच्याकडे कुणी आलं की पहिलं वाक्य ‘या, बसा’ असं नसतं. ‘या, पण भिंतीला टेकू नका’ असं असतं. पाहुणा आधी बिचकतो, मग हसतो आणि खुर्ची चार बोटं पुढे ओढून बसतो. शेजारी म्हणतात, या घरातलं रंगकाम म्हणजे मारुतीचं शेपूट. मीही हसून सोडून देते. आज तुम्ही निवांत आला आहात, वीज गेलेली आहे, दिवा मध्ये ठेवलाय. तर सांगते.

हे सगळं माझ्या सासूबाईंपासून सुरू झालं. मी त्यांना आईच म्हणायचे. आईंना धीर हा प्रकारच माहीत नव्हता. भात शिजायच्या आत तीनदा झाकण काढून बघणार, दोरीवरचे कपडे सारखे चाचपत राहणार, आणि माझा नवरा लहान असताना झोपला की त्याला हलवून विचारणार, “झोपलास का रे?” घराला रंग काढायचा म्हटलं की त्यांच्या अंगातच यायचं. छटांची पुस्तिका उशाशी घेऊन झोपायच्या. भिंतीवर शेजारी शेजारी पट्टे मारून घ्यायच्या आणि सकाळच्या उजेडात, दुपारच्या उजेडात, दिव्याच्या उजेडात बघायच्या. खिडकीच्या चौकटीला पांढरा द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक असायचं, पण कुठला पांढरा यावर आमच्या घरात दोन दिवस जेवणं गार झालेली आहेत.

आणि रंग लागला की तो वाळेपर्यंत त्यांना दम निघायचा नाही. आमच्या नेहमीच्या पेंटरकाकांची पाठ वळली की आई आत. स्विचबोर्डच्या शेजारी उजव्या हाताची करंगळी भिंतीला टेकवायच्या. वाळला का ते बघायला. तो कधीच वाळलेला नसायचा.

“वहिनी, रंग म्हणजे काय दूध आहे बोट बुडवून बघायला?” काका ओरडायचे. “अजून ओला आहे. हात लावू नका!”

“लावला नाही हो. नुसता टेकवला.”

त्यांची करंगळी लहानपणी दारात चेमटून वाकडी झाली होती. त्यामुळे ठसाही वाकडा उमटायचा, स्वल्पविरामासारखा. काका तो सारखा करायचे की घटकाभरात दुसरा तयार. शेवटी त्यांनीच हात टेकले. आजही आमच्या प्रत्येक खोलीत दिवा लावायला गेलात की बोटांना तो खळगा लागतो. माझा नवरा म्हणायचा, चित्रकार कोपऱ्यात सही करतात, आमची आई बटणापाशी करते.

मग आई आजारी पडल्या आणि मागच्या खोलीतच पडून राहिल्या. ती खोली तेवढी रंगवायची राहिली होती. राखाडी भिंती, त्यावर ओलीचे डाग. आई दिवसभर त्याच बघत पडायच्या. एक दिवस पुस्तिका मागवून घेतली आणि एका कोवळ्या पिवळ्या छटेवर नखाने खूण केली. “हा. सकाळी साडेसातचं ऊन असतं ना, तो.”

बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, “तुला वास सोसायचा नाही. बरी हो, मग लावू.”

“भिंत थांबेल हो तोवर. मी थांबेन का?” आई हसून म्हणाल्या.

थांबल्या नाहीत.

त्यानंतर बाबा त्या खोलीत जाऊन बसले ते उठेचनात. आईंच्या पलंगावर बसून राखाडी भिंतीकडे बघत राहायचे. ताटात वाढलेलं तसंच परत यायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, शरीरात काही नाही, जगायचंच मनावर घेत नाहीत. नवरा घाबरला. मीही घाबरले. माझे वडील मला आठवत सुद्धा नाहीत. या घरात सून म्हणून आले तेव्हा मला सायकल येत नव्हती, तर हा साठीला आलेला माणूस गल्लीभर माझ्या सायकलमागे धावला, आणि मी पडले तेव्हा स्वतःच रडायच्या बेतात आला. रात्री उठून मी बाबांचा श्वास चालू आहे ना ते बघून यायचे.

असं वर्ष गेलं. मग एका सकाळी बाबा आपणहून म्हणाले, “ती पुस्तिका कुठाय गं? तिची खोली करून टाकू.”

मी तशीच पिशवी घेऊन रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने खुणेची छटा बघितली, यंत्राखाली डबा धरला, त्यात थेंबथेंब पिवळा सोडला आणि डबा गदागदा घुसळून दिला. घरी येईपर्यंत मी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. पेंटरकाका दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी राखाडी खरवडला, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासून भिंत गुळगुळीत केली. अस्तर झालं, पहिला हात झाला, तो वाळल्यावर दुसरा हात झाला. शेवटी खिडकीच्या कडेला चिकटपट्टी लावून पांढरी रेघ ओढली. ते काम करत असताना बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. दुपार कलताना काका ब्रश धुऊन गेले. मी दार ओढून कडी घातली. बाबा बाहेरच्या खोलीत डुलक्या घेत होते. नवरा कामावर होता.

दिवेलागणीला मी त्या खोलीपाशी गेले ते केवळ खिडकी उघडी राहिली का बघायला. कडी तशीच होती. ती काढून दार ढकललं. ताज्या रंगाचा तो थंड, ओला वास आला... आणि त्याच्या आत दुसरा एक. निलगिरीच्या तेलाचा. आई शेवटी शेवटी छातीला चोळायच्या ते. वर्षभर ती बाटली मी उघडलेली नव्हती. अंधारात कुठेतरी बांगडी भिंतीला लागावी तसा बारीक आवाज झाला. एकदाच.

मी दिवा लावायला हात नेला आणि तिथेच थांबवला. बोटांना खळगा लागला होता.

मग बटण दाबलं. नव्या कोऱ्या पिवळ्या भिंतीवर, स्विचबोर्डशेजारी, वाकडा स्वल्पविराम.

मागे पाऊल वाजलं. बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. मला वाटलं, आता हे कोसळणार. ते हसले. वर्षानंतर पहिल्यांदा, पोट धरून हसले.

“लावलाच हात! नाहीच राहवलं बयेला!”

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. वर मीठ कमी आहे म्हणून मला ऐकवलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवऱ्याला वाटलं हे बाबांचंच काम. त्याने हळूच त्यांची करंगळी ठशाशी लावून बघितली. बाबांचं बोट म्हणजे आल्याचा गड्डा. तो ठसा त्याच्या अर्धाही नव्हता. आम्ही तिघांनी अळीमिळी गुपचिळी केली. खरं सांगू का, भीती वाटत होती, पण घरात आई परत आल्यासारखंही वाटत होतं. मी तर येता-जाता त्या खोलीत डोकावून “आई, चहा टाकते हं” म्हणायला लागले.

रंग पुरता वाळला. खडखडीत. आणि मग एका सकाळी बाबांचा सदरा धुवायला घेतला, तर बाहीवर पिवळा डाग होता. लहानसा, वाकडा.

मी माळ्यावरचा डबा उतरवून बघितला. झाकण ठोकून बसवलेलं, वर धूळ. ब्रश काका घेऊन गेलेले. डागाला बोट लावलं तर रंग माझ्या बोटाला लागला. ओला होता...

दुसऱ्या दिवशी बाबा उशिरापर्यंत उठले नाहीत. मी हाक मारली. डोळे उघडले, पण ओळख पटायला वेळ लागला. हात हातात घेतला तर गार. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथे, तोच स्वल्पविराम.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई बोट कशासाठी लावायच्या? झालं का बघायला. भिंत तर झाली होती, वाळली होती. आता त्या भिंतीला बघतच नव्हत्या. त्यांना बाबा हवे होते, आणि धीर तर त्यांना कधीच नव्हता.

मी बाबांच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाले, “आई... अजून ओलं आहे. हात लावू नका.”

निलगिरीचा वास दाट झाला. मला वाटलं, कुणीतरी रुसून उभं आहे.

मी फोन करून पेंटरकाकांना तातडीने बोलावलं. म्हटलं, स्वयंपाकघराची भिंत आजच्या आज रंगवायची. त्यांनी एकवार माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कामाला लागले. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डपाशी ठसा उमटला. बाबा उठून बसले आणि म्हणाले, “भूक लागलीय.” मनगट स्वच्छ होतं.

तेव्हापासून आमच्या घरात एक तरी भिंत ओली असते. बैठक झाली की जिना, जिना झाला की न्हाणीघराचं दार, दार झालं की खिडक्यांच्या चौकटी. जोवर घरात काही वाळायचं आहे तोवर आई त्यात रमतात. कधी कधी मी मुद्दाम त्यांना न आवडणारी छटा आणते, मग त्या दोन-दोन ठसे उमटवतात. पेंटरकाकांनी कधी काही विचारलं नाही. एकदाच ब्रश धुताना म्हणाले, “ताई, जन्मभर त्यांच्यावर ओरडलो, हात लावू नका म्हणून. आता ठसा सारखा करायला हात उचलत नाही.”

हे सगळं सुरळीत चाललं होतं. आज काकांना ताप आला. म्हणून ही बैठकीची भिंत, तुमच्या मागची, मी स्वतःच आईंच्या पिवळ्याने रंगवली. रोलर फिरवला, कडा ब्रशने भरल्या, आणि वाट बघत बसले. ऊन कलायला लागलं. ठसा नाही. मी उठून बघून आले, पुन्हा बघून आले. भिंत कोरी. निलगिरीचा वासही नाही. घर अगदी शांत होतं.

बाबा मागच्या खोलीतून आले. एरवी लागते ती काठीही न घेता आले.

“आली नाही ना आज?”

मी मान हलवली.

“अगं, किती दिवस फसवशील तिला? उतावळी आहे ती, वेडी नाही.”

“बाबा... तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. चांगलं केलंस हो. मलाही थोडं राहायचंच होतं. तुझ्या हातचा चहा सोडवत नव्हता.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग भिंतीपाशी गेले आणि अगदी आईंसारखी करंगळी वाकडी करून स्विचबोर्डशेजारी टेकवली. चांगली दाबून धरली.

“वाळला,” ते म्हणाले.

“नाही हो बाबा... आत्ता तर लावलाय...”

“वाळलाय गं. हे बघ.”

त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. भिंतीवर बघितलं, तिथेही काही नव्हतं. सायीसारखी सपाट. मी माझं बोट तिथेच, त्याच जागी टेकवलं. ते रंगात रुतलं आणि पिवळं होऊन बाहेर आलं.

बाबा माझ्याकडे बघून हसत होते. माझी सायकल पहिल्यांदा हातातून सोडून दिली होती तेव्हा हसले होते तसे. मी डबा उघडला आणि तशाच ओल्या भिंतीवर दुसरा हात द्यायला घेतला. काकांनी बघितलं असतं तर ओरडले असते, ओल्यावर ओला हात कुणी देत नाही. पण मला दुसरं काय येत होतं?

आतलं दार वाजलं ना आत्ता? बाबाच असतील. घरात माणूस आलं की त्यांना गप्पा लागतात. बोला त्यांच्याशी, बरं वाटेल त्यांना. ते त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतील आणि सवयीने पाठ मागे टेकवतील. त्यांचं बघून तुम्ही टेकू नका. भिंत ओली आहे, तुमचे कपडे खराब होतील.

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला दुपारपासून रंग लागत नाही.