पेरूची जेली का जमली नाही

“ही जेली नाही, सरबत झालंय,” अस्मिताने बाटली तिरपी केली. “उद्या हॉटेलवाल्यांना नमुना द्यायचाय. कुणीतरी मुद्दाम केलंय हे.”

खासगी गुप्तहेर सरोजिनी कानिटकर अस्मिताच्या गुलटेकडीतल्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. सोबत त्यांचा भाचा आमोद.

“साखर कमी पडली असेल,” आमोद म्हणाला.

“साखर, लिंबू नेहमीइतकंच. काल संध्याकाळी मीच आटवली.”

टोपलीत कालच्याच पेरूंतले काही उरले होते. घट्ट, अर्धे कच्चे. सरोजिनीबाईंनी त्यातले थोडे शिजत घालायला लावले आणि घरच्यांना बोलावलं.

अस्मिताचा नवरा तेजस आधी आला. त्याचा लोणच्यांचा धंदा बसला होता.

“हिचा पेपरात फोटो येतो. मी जेलीवाल्या बाईंचा नवरा,” तो म्हणाला. “काल सकाळी पेरू मीच शिजवले. उकळता रस फडक्यातून गाळायला ओतला, हात भाजून घेतला आणि तडक येरवड्याला गेलो. परत आलो तोवर बाटल्या भरून झाल्या होत्या.”

त्याच्या मनगटावर ताजा फोड होता.

मग अस्मिताची थोरली बहीण स्वराली आली.

“दुपारी डोकावले होते. ही बाहेर गेलेली. झाकण उचलून पाहिलं, रस कोमट झाला होता. बस.”

“आपण काय करता?”

“ज्यूसच्या कंपनीत, लॅबमध्ये. गढूळ रस नितळ करायचा.”

सरोजिनीबाईंनी दोन पेल्यांत स्पिरिट घेतलं. एकात जेली आटवण्याआधी बाजूला राहिलेला कालचा रस ओतला. काहीच झालं नाही. दुसऱ्यात आत्ताचा गार केलेला रस ओतला. बुळबुळीत गोळा तयार झाला.

“स्पिरिटमध्ये पेक्टिनचा असा गोळा होतो,” त्या म्हणाल्या. “फळातल्या लांबलचक साखळ्या. साखर आणि आंबटपणा मिळाला की त्या एकमेकींत गुंततात, रस धरून ठेवतात. कालच्या रसात त्या तुटल्या. पेरूंचा दोष नाही.”

“तोडल्या कशाने?” आमोदने विचारलं.

“रस नितळ करायला कारखान्यात जे एन्झाइम घालतात, त्याने. ते उकळत्या रसात निकामी होतं. तेजसच्या हाती रस होता तेव्हा तो उकळत होता. तेजसने तेव्हा ते घातलं असतं तरी जेली जमली असती. कोमट रसापाशी एकट्या होतात आपण, स्वराली. आणि हे आपल्या रोजच्या हातातलं.”

स्वराली स्टुलावर बसली.

“जेली हिला मी शिकवली,” ती हळूच म्हणाली. “लोक हिचं कौतुक माझ्याचपाशी येऊन करायचे. मी हसून ऐकायचे. घरी गेल्यावर जेवण जायचं नाही.”

तेजसने मान खाली घातली.

“मला तुझ्या नोकरीचा हेवा वाटायचा, ताई,” अस्मिता म्हणाली. “पण तुझ्या लॅबमध्ये जाऊन मी काही फोडलं नाही.”

उरलेले पेरू चिरायला तिने ओट्यावर घेतले. स्वराली उठली आणि सवयीने सुरीकडे हात नेला.

अस्मिताने सुरी आपल्याकडे ओढली.

“नको, ताई. आज नको.”