हुंकार

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत सिस्टीम बसवायची तर माझी एक रीत आहे. आधी हार्ड डिस्कची तार काढायची, पेन ड्राइव्हवरून यंत्र चालवून बघायचं आणि सगळं ठीक वाटलं की मगच डिस्कला हात लावायचा. ज्या कचेरीत मी यंत्रं सांभाळतो तिथे यावरून मला भित्रा म्हणतात. म्हणोत बापडे. एक बटण चुकलं आणि कुणाचे जन्मभराचे फोटो पुसले गेले, हे मी पाहिलेलं आहे.

इथे तर दादाचा आवाज होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. देवाच्या गोष्टी तो गाऊन सांगायचा. चार ओळी गाणं, मग निरूपण, ते झालं की पुन्हा गाणं. ऐकणाऱ्याचं मन कसं धुऊन निघायचं. घरी सराव करताना तो सगळं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवी. मधेच थांबून विचारी, "ऐकतेस ना?" स्वयंपाकघरातून वहिनीचं "हं" आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. आम्ही लहान होतो तेव्हा हे हुंकाराचं काम माझ्याकडे होतं. शेवटच्या दिवशी वहिनीने "हं" म्हटलं, पण गोष्ट पुढे गेली नाही. ती बाहेर येऊन बघते तर दादा खुर्चीतच गेलेला.

त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत नव्हती. डिस्क आतून टकटक करू लागली होती आणि जुनी सिस्टीम सुरूच होईना. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मला बाकी काही नको. तेवढा आवाज काढून द्या."

नेहमीचं मोठं लिनक्स त्या यंत्राला झेपलं नसतं. प्रोसेसर जुना, मेमरी तुटपुंजी. शोधून शोधून लिनक्सचंच एक हलकं रूप मिळालं, ते कोऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि भर दुपारी दादाच्या खोलीत जाऊन बसलो. यंत्र बंद केलं आणि डिस्क काढून टेबलावर ठेवली. टकटक थांबली. खोलीत एकदम फार शांत वाटलं.

पेन ड्राइव्ह लावून सुरू केलं, तर यंत्र नुसतंच घरघरत बसलं. वहिनीने दारातून डोकावून म्हटलं, की मालकासारखंच आहे हे, चहा घेतल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. आम्ही दोघंही हसलो. ती चहा टाकायला आत गेली.

पडदा उजळला. निळी पाटी, कोपऱ्यात घड्याळ. सगळं व्यवस्थित.

मग स्पीकरमधून दादा खाकरला.

मी आधी यंत्राच्या मागे पाहिलं. इंटरनेटची तार नव्हती. पेन ड्राइव्हवर मी उतरवलं त्याखेरीज काही नव्हतं. डिस्क टेबलावर होती; हात लावून पाहिला, गार होती.

"ती टकटक बंद केलीस, बरं झालं," दादा म्हणाला. "काही सुचू देत नव्हती."

देवाचं नाव घ्यायला गेलो तर रोजचंच नाव आठवेना.

"तर, कुठे होतो आपण?" दादा म्हणाला. "ऐकतेस ना?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"हं," वहिनी म्हणाली.

पडद्यावर, मी माउसला हातही लावलेला नसताना, लिनक्स बसवायची खिडकी उघडली. कुठे बसवायचं, असा प्रश्न. डिस्कच नाही, तेव्हा खाली काही दिसायला नको होतं. एक ओळ दिसत होती. तिला नाव नव्हतं, आकार नव्हता. तिच्यापुढे आपोआप खूण झाली आणि खाली एक हिरवी पट्टी सरकू लागली.

दादा गोष्ट सांगत होता. थांबत होता.

"हं."

पट्टी पुढे.

"हं."

"वहिनी, बोलू नका," मी ओरडलो. घशातून हवाच आली नुसती.

सुरुवातीचे तिचे हुंकार भरल्या गळ्याचे होते. पुढचे झोपेतल्यासारखे येऊ लागले.

पट्टी भरली.

मी प्लग उपटला. घरघर थांबली, पडदा काळा झाला. दादा वाक्याच्या मधे तुटला.

स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. कुणी गॅस बंद करत नव्हतं.

मग आतून खाकरल्याचा आवाज आला, आणि वहिनीने तुटलेलं वाक्य पुरं केलं. पुढच्या चार ओळी ती गायली. वहिनीला गाता येत नाही. त्या ओळी ती दादाच्या पट्टीत गायली, दादा जिथे दम घ्यायचा तिथेच दम घेत.

गाणं संपलं.

"ऐकतोस ना, धाकल्या?" आतून ती म्हणाली.

वहिनीने आजवर मला एकेरी हाक मारलेली नाही. धाकल्या म्हणणारा एकच होता.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. ती थांबून राहिली. घर थांबून राहिलं. लहानपणची सवय हाडात असते.

"हं," माझ्या तोंडून गेलं.

प्लग माझ्या हातात होता. समोरच्या काळ्या पडद्यावर एक रिकामी पट्टी उमटली, आणि तिचं डावं टोक हिरवं झालं.