वीस घरांचा साप

संग्रहालयाच्या बाईंनी फोटो आणून दिले तेव्हा कारागीर हरखून गेला. हजारो वर्षांपूर्वीच्या एका इराणी थडग्यात सापडलेला लाकडी पट. वेटोळं घालून बसलेला साप आणि त्याच्या अंगावर वीस घरं. हुबेहूब तसाच करून हवा होता. हा खेळ खेळायचा कसा, ते मात्र आता कुणालाच ठाऊक नाही, असं बाई सांगून गेल्या.

महिनाभर मान मोडून त्याने साप कोरला, शिसवीच्या काळ्या सोंगट्या घडवल्या. पॉलिशचं काम बायकोचं. त्या वेटोळ्यांवरून फडकं फिरवताना तिच्या अंगावर काटा यायचा, पण तिने ते हसण्यावारी नेलं.

एका दुपारी ती बाजारातून परतली, तर कारखान्याला आतून कडी. आत फासे पडत होते. तिने खिडकीतून डोकावलं. नवरा पटापुढे बसला होता, समोर रिकामं स्टूल. त्याने सोंगटी सरकवली. मग पलीकडची एक सोंगटी आपसूक सरकत आली आणि तिच्यावर चढली.

"मेली..." तो पुटपुटला, आणि मुकाट्याने डावा हात पुढे केला. सकाळी धडधाकट असलेल्या त्या हाताची दोन बोटं आधीच तुटलेली होती.

टेबलावरची धारदार पटाशी हवेत उचलली गेली. कच्चकन आवाज झाला. तो ओरडलाही नाही.

काच फोडून ती आत घुसली. तसा तो उसळून अंगावर आला, रक्ताळलेल्या पंजाने तिचा गळा आवळू लागला.

"डाव मोडू नकोस... माझी पाळी आहे."

डोळ्यांपुढे अंधारी आली तसा तिच्या हाताला हातोडा लागला. तिने तो त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडलं आणि तो कोसळला.

शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तुटलेली बोटं तासाभरात आणलीत तर जोडता येतील. ती धावतच माघारी आली. फरशीवर रक्ताचं थारोळं होतं. टेबलाखाली, भुशात, अवजारांच्या पेटीत, सगळीकडे हात घालून पाहिलं. एकही बोट सापडेना.

मग तिची नजर पटावर गेली. रिकाम्या स्टुलाच्या बाजूला नव्या सोंगट्या मांडल्या होत्या. पांढऱ्या, हाडाच्या, अजून ओल्या. तिच्या नवऱ्यालाही जमल्या नसत्या इतक्या सुबक.

बोटं तीन तुटली होती. सोंगट्या चार होत्या. तिने हळूच स्वतःची बोटं मोजायला घेतली.