खाट नऊ, पहाटे चार दहा

रविवारची दुपार होती. इस्पितळाच्या तळमजल्यावर, नोंदींच्या खोलीत आकडेताईंशिवाय चिटपाखरू नव्हतं. ताई संख्याशास्त्र शिकलेल्या. नोंदींच्या ढिगाऱ्यातून अर्थ काढून द्यायचा ही त्यांची नोकरी, म्हणून सगळे त्यांना आकडेताई म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी कशाला आलात, असं कुणी विचारलं असतं तर त्या हसून म्हणाल्या असत्या, घरी तरी कोण वाट बघतंय? पण विचारायलासुद्धा कुणी नव्हतं.

काम तसं साधंच. वरच्या मजल्यावरचा जुना वॉर्ड वर्षभरापूर्वी बंद झाला होता. तिथं प्रत्येक खाटेपाशी बेल असायची. रुग्णानं ती कधी दाबली आणि कुणी येऊन ती कधी बंद केली, या दोन वेळा एक यंत्र टिपून ठेवायचं. माणसं किती वेळ ताटकळली, एवढंच काढायचं होतं.

खरं सांगायचं तर ताईंनी हे काम मागून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच वॉर्डात, नऊ नंबरच्या खाटेवर त्यांची आई गेली. सलग तीन रात्री उशाशी जागून ताई जरा डोळा लावायला म्हणून घरी गेल्या, फक्त दोन तास, आणि पहाटे फोन आला. "झोपेतच गेल्या हो," नर्सबाई म्हणाल्या होत्या. "बेलसुद्धा वाजवली नाही त्यांनी." त्या एका वाक्याच्या आधारावर ताई दोन वर्षं जगत होत्या. ते खरं की मन राखायला सांगितलेलं, हे त्या यंत्राच्या नोंदींच्या फाइलीत होतं.

त्यांनी फाइल सॉफ्टवेअरमध्ये घेतली. आता गंमत अशी की यंत्र तारीख तारखेसारखी लिहीत नाही. एका ठरावीक दिवसापासून किती काळ उलटला, तेवढा नुसता आकडा लिहितं. मोजायला कुठल्या दिवसापासून लागायचं, ते सॉफ्टवेअरला आपण सांगायचं. त्याच्या दोन पद्धती, आणि त्यांच्यात अंतर चार वर्षं आणि एका दिवसाचं. ताईंनी घाईत चुकीची निवडली, आणि दोन वर्षांपूर्वीचे रुग्ण दोन वर्षांनंतर बेल दाबताना दिसायला लागले.

"अगं बाई! यांना अजून आजारी पडायचंय होय?" ताई एकट्याच हसल्या. रिकाम्या खोलीत ते हसू इतकं मोठं वाटलं की त्या चपापल्या.

पद्धत बदलली. तारखा आपापल्या जागी आल्या. ताईंनी खाट नऊ शोधली, ती पहाट शोधली.

बेल दाबली: ४.१०.

वाजवली होती. आईनं बेल वाजवली होती, आणि आपण घरी घोरत होतो. डोळे पुसत त्यांनी शेजारचा रकाना पाहिला.

बेल बंद केली: आजची तारीख. दुपारी ३.२०.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला पाच मिनिटं होती.

त्यांनी बाकीच्या खाटा तपासल्या. सगळ्या तारखा बरोबर, वॉर्ड बंद झाला तिथं थांबलेल्या. यंत्राचा मूळ आकडा पाहिला. तोही तेच सांगत होता. शेवटी त्यांनी वायरमनदादांना फोन लावला.

"दादा, वरच्या वॉर्डातल्या बेल चालू आहेत का हो?"

"छे हो ताई! मी स्वतः कापल्यात वायरी. वर्ष झालं. का बरं?"

"काही नाही... सहज."

"जेवलात का तुम्ही? आवाज कसातरीच येतोय."

ताईंनी फोन ठेवला आणि त्या उठल्या. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणायचं? पण तेव्हा गेलो नाही, आता तरी जाऊ, या विचारानं पाय आपोआप जिना चढले.

वॉर्डात धुळीचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास कोंडला होता. सगळ्या खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. नऊ नंबरवर मात्र गादी अंथरलेली होती, आणि भिंतीवरचा लाल दिवा जळत होता. खाली वायरीची कापलेली टोकं लोंबत होती.

ताई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. तीन वीस झाले.

"आले गं आई... आले मी."

त्यांनी बटण दाबलं. दिवा विझला. गादीतून एक लांब श्वास सुटला आणि दबलेला कापूस हळूहळू वर आला.

खाली येताना ताई हुंदके देत होत्या, पण दोन वर्षांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. मन भरत नव्हतं म्हणून त्यांनी फाइल परत एकदा आत घेतली. आईची ओळ तशीच होती. तिच्याखाली एक नवी ओळ होती.

खाट नऊ. बेल दाबली: उद्या, पहाटे ४.१०. बेल बंद केली: काहीच नाही.

उद्या त्या खाटेवर कोण असणार, हे ताईंना कुणी सांगायला नको होतं. आपल्या हाकेला कोण धावून येईल, म्हणून त्यांनी एकेक माणूस आठवून पाहिला. मावशी गेलेली, भाऊ परदेशात, शेजारीण नुसती जिन्यात हसणारी. कुणी म्हणजे कुणी नव्हतं. तो रकाना रिकामाच राहणार होता.

वीस वर्षांत ताईंनी एका आकड्याला खोटा हात लावला नव्हता. आज लावला. त्यांनी जाणूनबुजून चुकीची पद्धत निवडली, आणि ती पहाट चार वर्षं पुढे गेली. "चार वर्षं... तेवढी तरी," त्या पुटपुटल्या आणि फाइल जतन केली.

मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली. पद्धत बदलली की अख्खी फाइल सरकते. आईची शेवटची बेल आता दोन वर्षांनी वाजणार होती. म्हणजे आई अजून...

वरच्या बंद वॉर्डात खाट करकरली. सपाता फरशीवर घासत, मधेच थांबत, जिन्यापाशी आल्या आणि एकेक पायरी उतरू लागल्या.

"झोप झाली का गं तुझी?" जिन्यातून आवाज आला.