फुटलेला ढापा

कैलासचं हे वागणं शकुबाईला अजिबात पटलं नव्हतं. दारापुढच्या नालीवर झाकलेला सिमेंटचा ढापा पायाखाली फुटून शेजारची जिजाबाई नालीत पडली होती, कण्हत होती आणि हा ऑटोवाला लेक दारात उभा राहून ओरडत होता, "राकेश मिस्त्रीनं धागे खाल्ले! ढाप्यात मजबुतीचे प्लॅस्टिकचे धागेच टाकले नाई!" तिला वर काढायला दुसरेच धावले.

संध्याकाळपर्यंत साऱ्या बोरगाव मेघेत तेच ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. जिजाबाईचा पाय मोडला, दोष राकेशचा. त्याचं चालू काम बंद पडलं. उद्या लोक त्याच्या नावानं ठाण्यात जाणार होते.

शकुबाईचे गुडघे ठणकत होते, दिवसभराच्या उन्हानं जीव नकोसा झाला होता. तरी ती खुर्ची घेऊन फुटक्या ढाप्यापाशी बसली आणि राकेशला बोलावलं.

"धागे टाकले होते का रे?"

"सिमेंटात कालवूनच टाकले काकू. हे पाहा, लोंबून राह्यले."

होते खरे. पण वरच्या अंगाचे धागे पांढरेशुभ्र होते, कड ताजी. खालच्या अंगाचे काळे, झिजलेले. तिथल्या फटीत गाळ. आणि तळाला पांढऱ्या सिमेंटचा लेप.

"हा लेप तुझा?"

"नाई काकू. ढाप्याले पांढरं सिमेंट कोण लावते?"

तिनं लेकाला हाक मारली.

"ऑटो कुठून काढतो?"

"समोरून. मागचं फाटक लंबं पडते."

"ढाप्यावरून?"

"मंग? नवा होता तवा रेतीचा भरला ट्रॅक्टर गेलता त्याच्यावरून. काही झालं का? माह्या ऑटोनं काय होते!"

"नाली कोणं साफ केली?"

"मीनं. काऊन?"

"अन् न्हाणीतल्या फटी पांढऱ्या सिमेंटानं कोणं भरल्या?"

कैलास मागं सरू लागला.

"मीच सांगते. ट्रॅक्टर एकदा गेला. ढापा वाकला, सरळ झाला. तुहा ऑटो रोज जाते, रोज येते, दरवेळी ढापा जरासा वाकते. तार एका वाकवण्यानं तुटत नाई, वाकवत राह्यलं का तुटते. भेग खालून पडली, वरून कोणाले दिसली नाई. धाग्यांनी ती धरून ठेवली. धागे नसते तर तवाच दोन तुकडे झाले असते. पण तेही एकेक करून सुटले, काळे पडले. उरलेले आज जिजाबाईच्या पायाखाली तुटले, म्हणून पांढरे. नाली साफ करताना तुले भेग दिसली. तू ती लिंपली, अन् ऑटो तसाच नेत राह्यला."

"माय, मले वाटलं लेपानं भागते..."

राकेश बाजूलाच उभा होता. शकुबाई खुर्चीला धरून कशीबशी उठली. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"ढाप्याचं एक डाव माफ केलं असतं, कैलास. पण माहीत असून ते याच्या माथी मारलं, ते माफ नाई. उद्या ठाण्यात तू जाशीन. याचं काम जिथं बंद पडलं, तिथंही तूच जाऊन सांगशीन. माहा लेक हायेस, म्हणून मी संगं येईन. तुह्या बाजूनं बोलाले नाई."