कुठे, काय, किती

कामणच्या शीतगृहात दार उघडलं, लागलं किंवा गारवा कमी झाला, की ऑफिसातला कॉम्प्युटर लॉगमध्ये एक ओळ लिहायचा. प्रोग्राम कौस्तुभचा होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या त्या मराठी ओळी त्याच्यासारख्याच बडबड्या होत्या. ‘खोली दोनचं दार उघडं राहिलंय, उमेळ्याचा चाफा कोमेजतोय, लावा रे कोणीतरी!’

“लॉग आहे, पत्र नव्हे,” संपदा त्याला म्हणायची. “कुठे, काय, किती. बस.”

“बायकोनं सांगितलं म्हणून गप्प बसणारा नवरा बघितलायस कुठे?” तो हसायचा.

पावसाळ्यात, भिवंडीच्या रस्त्यावर टेम्पोनं त्याला उडवलं; तो जागीच गेला. त्याचं काम तिच्याकडे आलं.

दिवाळीनंतर लॉगनं डिस्क भरली, मशीन अडकलं आणि चाफ्याच्या टोपल्या काळ्या पडल्या. मॅनेजर गॅब्रिएल दारातच अवघडून उभे राहिले.

“मॅडम, मला कळतं हो. पण अजून एकदा माल गेला तर शेठ सगळंच नवीन बसवणार.”

“आजच करते.”

कौस्तुभचा आवाज कुठे टेप केलेला नव्हता. बोलणं उरलं होतं ते एवढंच. तिनं एकेक वाक्य वाचलं, पुसलं, आणि त्या जागी आपलं घातलं. ‘खोली २. दार उघडे. ९ अंश.’ मग जुना लॉगही पुसला.

जेवणानंतर पडद्यावर ओळ आली.

‘खोली २. दार बंद. आत १.’

“हे माणसं पण मोजतं?” गॅब्रिएलनी विचारलं.

“नाही.” सेन्सर फक्त दाराचे आणि तापमानाचे होते. तिनं प्रोग्राम वरपासून खालपर्यंत तपासला. ‘आत’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

गॅब्रिएल खोली बघून आले. रिकामी होती. ओळ पुन्हा आली. ‘आत १.’

संपदा शाल घेऊन गेली. आत मोटारीची घरघर, ओल्या टोपल्यांचा वास. तिनं दार लावून घेतलं.

“कौस्तुभ,” ती हळूच म्हणाली, “शिकलास की.”

मोटार क्षणभर थांबली. पुन्हा सुरू झाली.

ती परतली, आत येऊन ऑफिसचं दार तिनं लावून घेतलं. गॅब्रिएल पडद्यापासून लांब उभे होते.

“तुम्ही गेलात तेव्हा दोन दाखवत होतं,” ते म्हणाले. “आता शून्य. सुटलो!”

तेवढ्यात खाली नवी ओळ उमटली.

‘ऑफिस. दार बंद. आत ३.’

ऑफिसच्या दाराला सेन्सर नव्हता.

गॅब्रिएलनी क्रूसाची खूण केली.

संपदा आपल्या जागी बसली आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिनं मांडीवर घेतली.