डावीकडची सहावी जागा

चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी सकाळी युकसिम कडू चहाची मोठी किटली घेऊन खाडीकडे निघाली. आज गाळात पुरलेली ड्रॅगन होडी वर काढायची होती, आणि चिखल उपसणाऱ्यांना चहा लागतोच. होडीचं लाकूड वाळलं की तडकतं, म्हणून सण झाला की तिला खाडीच्या गाळात पुरायचं आणि पुढच्या सणाआधी काढायचं, ही 'हो' आडनावाच्या घराण्याच्या गावाची रीत. ही होडी मात्र नऊ वर्षं पुरलेलीच होती.

नऊ वर्षांपूर्वीच्या शर्यतीत युकसिमचा नवरा तिनचोय भर नदीत ह्याच होडीतून पडला. सात दिवस जाळी टाकली, पण हाती काही लागलं नाही. त्यानंतर ती होडी वर काढायचं कुणाच्या मनात येईना. यंदा पोरांनी हट्ट धरला, आणि हट्ट धरणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता तिचा स्वतःचा लेक, वीस वर्षांचा कामफाय.

किटली तिनं वडाखाली ठेवली. होडीला बाईचा हात लागायचा नाही, जवळसुद्धा जायचं नाही, असं गाव मानत आलं होतं. युकसिमही मानायची. पण एकदा तिनं ते मोडलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, होडी पुरायच्या आदल्या पहाटे, ती चोरून खाडीत उतरली होती. नवऱ्याचं वल्हं तिनं त्याच्या जागेवर, डावीकडच्या सहाव्या जागेवर ठेवलं होतं. प्रेत नाही, थडगं नाही, मग मेलेल्याला पोचावेत म्हणून कागदी कपडे तरी जाळायचे कुठे? निदान त्याचं वल्हं त्याच्या जागी असू दे, एवढंच तिच्या वेड्या मनाला वाटलं होतं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

खाली बादल्यांचा खणखणाट चालला होता, पोरं एकमेकांच्या अंगावर चिखल फेकत होती. मग बादल्या एकदम थांबल्या. गाळाचा कुजका वास वडापर्यंत आला.

"काका... जरा इकडे या," कुणीतरी म्हणालं.

सातवे काका, घराण्यातले सगळ्यांत वडील, गुडघाभर चिखलात उतरले. बराच वेळ वाकून काहीतरी पाहत राहिले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात वल्हं होतं. नऊ वर्षं गाळात राहिलेलं लाकूड काळं, चिंब ओलं निघायला हवं. हे कोरडं होतं. मुठीची जागा झिजून बोटभर खोल गेली होती, आणि झीज उलट्या बाजूला होती. गावात डावखुरा वल्हवणारा एकच होता, तिनचोय.

"सूनबाई," काका हळू आवाजात म्हणाले, "हे आत कसं आलं?"

युकसिमनं खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "मीच ठेवलं."

काका ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते मटकन खाली बसले. "पुरताना होडीत कुणाची वस्तू ठेवत नाहीत गं. वल्हं ठेवलंस म्हणजे त्याची जागा राखलीस. बाकीची होडी काळी कुळकुळीत आहे, आणि ती एवढी फळी कशी गुळगुळीत आहे, जाऊन बघ... नको, बघू नकोस. नऊ वर्षं तो तिथंच बसून आहे."

"मग पुरून टाका परत! आत्ताच!"

"वर आलेली होडी न वल्हवता पुरली तर गावाला भोवेल. बुडालेला माणूस सुटतो तो आपल्या जागी दुसरा बसवूनच, हे तुला ठाऊक आहे. म्हणून त्या जागेवर कुणाला बसू द्यायचं नाही. वल्हं ठेवू, भाताचा वाडगा ठेवू, उदबत्ती लावू. एकदा शर्यत खेळला की मन भरेल, जाईल."

कामफाय अंगभर चिखल घेऊन मागे उभा होता. "त्याच फळीवरची उजवी जागा माझी," तो म्हणाला. "दुसरं कुणी बसायला तयार नाही."

"तू बसायचं नाहीस. होडीतच चढायचं नाहीस."

"आई, बाबाच आहेत ना? स्वतःच्या बापाला काय घाबरायचं?"

तिनं त्याच्या खांद्यावरचा चिखल पुसला. आणि खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात तिलाही वाटत होतं की त्या माणसाच्या शेजारी कुणीतरी आपलं बसावं. त्या वाटण्याबद्दल तिनं पुढे स्वतःला कधीच माफ केलं नाही.

पाचव्या महिन्याच्या पंचमीला, सणाच्या दिवशी, तिनं दाराला दवण्यासारख्या वासाच्या पाल्याची जुडी बांधली आणि कामफायच्या उजव्या मनगटात पाच रंगांचा राखणीचा दोरा बांधला. गाठ दुहेरी, तिच्या माहेरची, नदीपलीकडच्या गावची. ह्या काठावर ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तिनचोय त्या गाठीवरून तिला चिडवायचा. दार लावलं, दोघंच असले, की म्हणायचा, "पाहुणीबाई, आता तरी इकडची गाठ शिका." पोरासमोर त्यानं तिला ह्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

"पहिला पाऊस पडेपर्यंत काढायचा नाही," ती म्हणाली.

"नाही काढत गं. किती घट्ट बांधलायस, हात तुटेल!"

एकोणीस फळ्या, अडतीस जागा. होडी निघाली तेव्हा ढोलवाला आणि सुकाणूवाला सोडून सदतीस माणसं आत होती. फटाके वाजले, ढोल सुरू झाला. काठावरच्या बायका रिवाजाप्रमाणे वल्ही मोजत होत्या. होडी समोरून गेली तेव्हा युकसिमनंही डावीकडची वल्ही मोजली. एकोणीस.

"जाऊबाई, डावीकडे किती?"

"अठराच की," जाऊ म्हणाली. "तुझ्या डोळ्यांत पाणी आहे. पूस आधी."

तिनं डोळे पुसले. तोवर होडी वळणापलीकडे गेली होती. ढोल ऐकू येत होता, मग तोही ऐकू येईना. ऊन माथ्यावर आलं. सणाच्या दिवशी भर दुपारी सगळी भुतं पळतात म्हणतात, म्हणून त्या घटकेचं शुद्ध पाणी विहिरीतून भरून ठेवायला बायका घरी गेल्या. युकसिम एकटीच काठावर उभी राहिली. पाण्यावर वारा नव्हता, बेडूकसुद्धा ओरडत नव्हता.

होडी परत आली. तिनं पुन्हा मोजलं. डावीकडे एकोणीस, उजवीकडे अठरा. ह्या वेळी डोळ्यांत पाणी नव्हतं.

कामफाय डावीकडे बसला होता.

माणसं एकेक करून उतरली. छत्तीस झाली आणि सदतिसावा कामफाय. तिनं धावत जाऊन त्याला धरलं. तो सगळा भिजला होता, पण धडधाकट होता. तिला हुंदका आला. देवा, आला एकदाचा.

"तिकडे का बसलास रे? काकांनी सांगितलं होतं ना?"

तो देवळाकडे चालू लागला. मागच्या फळीवरचा वल्हेकरी वळला. "अहो काकू, वळणावर ह्याच्या बाजूनं होडी जरा कलली. मग हा उठला, तिकडे जाऊन बसला आणि तिथलं वल्हं उचललं. म्हणाला, ही जागा माझी आहे. मी म्हटलं, वेड लागलं की काय! पण वल्हवलं मात्र झकास."

देवळाच्या अंगणात पंगत बसली. होडीचा भात खाल्ला की वर्ष चांगलं जातं, म्हणून सगळं गाव जेवत होतं. कामफायच्या बाकाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. इतरांचे कपडे उन्हात केव्हाच वाळले होते. युकसिमनं त्याच्यापुढे मासा ठेवला.

त्यानं जेवायच्या काड्या उचलल्या. डाव्या हातानं.

तिनं त्याचं उजवं मनगट पाहिलं. दोरा नव्हता. कातडीवर गाठीचा वळ तेवढा होता.

"कामफाय," ती म्हणाली, "दोरा कुठाय?"

त्यानं एक घास खाल्ला. सावकाश चावला. मग तिच्याकडे न बघता, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "मीठ जास्त झालंय... पाहुणीबाई."

तिच्या हातातला वाडगा निसटला. जाऊबाई लांबून हसली, "अगं, आनंदानं वेडी झालीस का?"

"रडू नकोस," तो म्हणाला. त्याच्या तोंडाला गाळाचा वास येत होता. "तिथं फार गार आहे... पण बसायला जागा आहे. होडी पुरतील तेव्हा पोराचं वल्हं आत ठेव. माझं ठेवलं होतंस तसं."

तिसऱ्या दिवशी होडी पुरायची होती. त्या पहाटे युकसिम उठली. घरातला तो माणूस पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, तिनचोय झोपायचा तिथं, शांत झोपला होता. उशी ओली होती. लेकाचं वल्हं पदराआड मूल धरावं तसं छातीशी धरून ती खाडीत उतरली. कमरेएवढं पाणी बर्फासारखं लागलं. तरी पाय थांबले नाहीत. पुढच्या वेळी होडी निघेल, तेव्हा कामफाय कुणाच्या बदल्यात येईल, कुणाचा लेक त्याच्या शेजारी बसेल, हे तिनं मनाला विचारलं नाही.

सहाव्या फळीवर उजवीकडे पाच रंगांचा दोरा पडला होता. गाठ तशीच, दुहेरी, न सुटलेली. हात बाहेर काढायचा तर ती सोडावीच लागली असती.

"कामफाय," ती कुजबुजली, "हे घे बाळा."

तिनं वल्हं रिकाम्या जागेवर उभं धरलं आणि हात काढून घेतला. ते खाली पडलं नाही.